आप्पांचा वेगळा ग्लास

बिरूआप्पांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असायची आणि त्या पिशवीत स्टीलचा एक ग्लास. काठाला पोचा पडलेला, बुडाशी त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं, बहुधा लग्नातल्या भांड्यांतला. टपरी असो, कंपनीचं कॅन्टीन असो की कुणाच्या लग्नाचा मांडव, चहा आला की आप्पांचा हात आधी पिशवीत जायचा. कुणी कप पुढं केला की हे ग्लास पुढं करायचे. "ह्यात वता." पिऊन झाल्यावर ग्लास स्वतःच विसळायचा, फडक्यानं कोरडा करायचा आणि पिशवीत ठेवायचा. यात कधी खंड पडला नाही.

आप्पा म्हणजे बिरू कोकरे, आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. मांडवगण फराट्याच्या शिवारात त्यांची वस्ती. तिथून बस घेऊन ते सकाळी दौंडला यायचे, आम्हाला घ्यायचे आणि वाटेतल्या गावांची माणसं भरत भरत रांजणगावला पहिल्या पाळीवर सोडायचे. मी तिथं क्वालिटी विभागात. दुसऱ्यानं घाम गाळून केलेल्या कामात खोट काढायची, हा माझा धंदा. मी दौंडच्या बौद्ध वस्तीत वाढलो. माझ्या आजीला तिच्या गावात चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. ही गोष्ट तिनं इतक्यांदा सांगितली होती की कुठं वेगळं भांडं दिसलं की माझं डोकं सणकायचं. त्यामुळं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, न्हावऱ्याला बस चहासाठी थांबली असताना, मी सगळ्यांसमोर आप्पांना विचारलं, "काय आप्पा, आमच्यासारख्यांचा कप चालत नाही वाटतं?"

आप्पांनी ग्लास बाकावर ठेवला. उन्हाळा ऐन भरात होता तरी त्यांच्या अंगात लांब बाह्यांचा शर्ट होता. त्यांनी मनगटावरचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. हातभर लाल चट्टे, जाड, उठलेले, आणि त्यांवर पांढऱ्या खवल्यांचा थर.

"गिलास माझ्यासाठी न्हाई सर, तुमच्यासाठी हाय," आप्पा म्हणाले. "लोकास्नी चहा ग्वाड लागला पायजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी बसमध्ये इंजिनशेजारच्या सीटवर बसायला लागलो. ती सीट रिकामीच असायची, कारण ती आप्पांच्या सगळ्यात जवळ होती.

त्यांना सोरायसिस होता. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण हे माहीत असणं वेगळं आणि तशा माणसाशेजारी डबा उघडून बसणं वेगळं. आप्पांना हे लोकांपेक्षा जास्त कळत होतं. संध्याकाळी बस लावली की ते एका छोट्या कुंच्यानं आपली सीट झाडायचे. दिवसभरात गळालेले खवले कागदावर गोळा करायचे आणि पुडी करून खिशात घालायचे. मी एकदा म्हटलं, झाडून खाली टाका की, कोण बघतंय. तर म्हणाले, "आत धग हाय सर, वर नुसती राख पडती. ज्याची राख त्यानंच उचलावी."

स्वतःच्या दुखण्यावर ते इतक्या मोकळेपणानं हसायचे की समोरच्याची पंचाईत व्हायची. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. बिरू पंधरा-सोळा वर्षांचा असताना पहिल्यांदा चट्टे उठले, तेव्हा बापानं मेंढरांच्या खरजेला लावायचं करंजाचं तेल पोराला चोपडलं. "मेंढरं समदी बरी झाली," आप्पा सांगायचे, "म्या तेवढा ऱ्हायलो. बाप म्हनला, ह्या पोराची जातच येगळी दिसती." बस हसायची. आप्पाही हसायचे आणि गिअर टाकायचे. पुढं वजन वाढलं, साखर आली, ब्लडप्रेशर आलं. ते सगळं त्यांनी पाहुणे घरी यावेत तसं स्वीकारलं.

कंपनीला गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी पुण्याहून कातडीच्या एक डॉक्टरीणबाई दौंडच्या दवाखान्यात यायच्या. त्यांनी आप्पांना एक गोळी सुरू केली. आठवड्यातून एकच दिवस घ्यायची, दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ही 'गुरुवारची गोळी' त्यांना मानवली. चार-पाच महिन्यांत चट्टे विरत गेले, झोप लागायला लागली, आणि एके सकाळी आप्पा चक्क अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बस घेऊन आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते लाजले. ग्लास मात्र पिशवीतच राहिला.

त्या गोळ्यांच्या खोक्यात एक पातळ, बारीक घडी घातलेला इंग्रजी कागद असायचा. पहिल्यांदा खोकं आणलं तेव्हा आप्पांनी तो माझ्याकडं दिला. "सर, तुमी बी.एस्सी. झाल्यात. काय लिव्हलंय बघा." मी वाचला, मराठीत सांगितला. मग तो रिवाजच पडला. औषध कुठलंही असो, नवं खोकं आलं की आतला कागद माझ्याकडं यायचा. मी बसच्या हिंदकळ्यांत एकेक ओळ वाचायचो आणि आप्पा रस्त्यावरची नजर न हलवता "हं... हं..." करायचे. शेवटी ठरलेलं वाक्य: "सरांनी वाचलं म्हंजी झालं." खरं सांगतो, मला ते आवडायचं. कंपनीत मला कुणी इतकं मन लावून ऐकत नव्हतं.

एका बुद्धपौर्णिमेला मी आप्पांना आणि वहिनींना घरी खीर खायला बोलावलं. माझ्या बायकोनं, निशानं, कपाटातल्या नव्या वाट्या काढल्या होत्या. ती खीर वाढायला आली तशी आप्पांनी पिशवीतून ग्लास काढून जमिनीवर ठेवला. "ताई, मला ह्यातच द्या." निशा थबकली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजीवर तो ग्लास. मी एक शब्द बोलायला हवा होता. 'आप्पा, तो ग्लास आत ठेवा.' एवढाच. मी काही बोललो नाही. त्याहून वाईट म्हणजे, मला आतून हलकं वाटलं. निशानं ग्लासात खीर ओतली. आप्पांनी ती बोटानं निपटून खाल्ली आणि म्हणाले, "झ्याक झालीया खीर."

ज्या आजीची गोष्ट मी लोकांना सांगत फिरायचो, तिच्या नातवाच्या घरात हे घडलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग कोरोना आला. बस बंद झाली, दोन महिन्यांनी परत सुरू झाली ती अर्ध्या माणसांची. प्रत्येकाच्या तोंडाला मास्क, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी, कॅन्टीनमध्ये ज्याचा त्यानं घरून ग्लास आणायचा असा नियम. आप्पांच्या सीटमागं प्लॅस्टिकचा पडदा लावला होता. त्याच्या आडून ते ओरडून म्हणाले, "बघा सर, समद्यांचा गिलास येगळा झाला! म्या पयल्यापासनंच करत होतो, मला कुनी शाबासकी दिली न्हाई." माणसं एकमेकांपासून अंतर राखून उभी राहिलेली बघून त्यांना गंमत वाटायची. आयुष्यात पहिल्यांदा ते चारचौघांसारखे झाले होते.

डॉक्टरीणबाईंचं दौंडला येणं तेव्हा थांबलं होतं. फोनवर विचारता यायचं. पण आप्पांनी विचारलं मला.

एका सकाळी त्यांनी पडद्याखालून तो इंग्रजी कागद सरकवला. "सर, समदे म्हनत्यात प्रतिकारशक्ती वाढवा. ही गोळी त्या शक्तीचं काय करती, एकदा नीट वाचून सांगा." मी वाचलं. कागदात सरळ लिहिलं होतं की या औषधानं शरीराची प्रतिकारशक्ती कमी होऊ शकते, जंतुसंसर्गाचा धोका वाढू शकतो. माझ्या मोबाइलवर तर रोज असले दहा संदेश येत होते. काढे, हळद, वाफ. मला आप्पांची खरंच काळजी वाटली. मी म्हणालो, "आप्पा, हे संपेपर्यंत गोळी बंद ठेवा. कातडीचं काय, पुढं बघता येईल. आधी जीव."

"सरांनी वाचलं म्हंजी झालं," आप्पा म्हणाले.

मी क्वालिटीतला माणूस. नटबोल्टाची एक खेप पास करायची तर तीन सह्या घेतो. इथं मी कुणालाही न विचारता एका माणसाचं औषध बंद केलं.

दीड-दोन महिन्यांत चट्टे परत आले, आणि आधीपेक्षा जोरात आले. पाठ, पोट, मांड्या, डोकं. तळहातांना भेगा पडल्या, स्टिअरिंग धरवेना, तर आप्पांनी सुती हातमोजे घातले. सीटवर उशी आली. लांब बाह्या परत आल्या. मी दोनदा विचारलं, गोळी परत सुरू करायची का, म्हणून. पण माझ्याच आवाजात जोर नव्हता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. धगीची सवय हाय मला. कोरोनाची न्हाई." त्यांचं अंग कायम तापलेलं असायचं. अधूनमधून हुडहुडी भरायची आणि परत जायची. त्या आजारात कातडी फार भडकली की असंही होतं, हे मी वाचून ठेवलं होतं. मी वाचण्यात कुठं कमी पडत नव्हतो.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. लस पंचेचाळिशीच्या पुढच्यांना मिळायला लागली होती. आप्पांनी नाव नोंदवलं होतं, केंद्रावर दोन चकराही झाल्या होत्या, पण दोन्ही वेळा लस संपलेली. अशात एका मंगळवारी कंपनीच्या गेटवर वॉचमननं ताप बघायचं यंत्र आप्पांच्या कपाळाशी धरलं आणि आकडा बघून त्यांना बाजूला उभं केलं. मागं माणसांची रांग थांबली. कुणीतरी कुजबुजलं. आप्पांनी मान खाली घातली. ते तसं उभं राहणं माझ्याच्यानं बघवेना. मी पुढं झालो आणि वॉचमनला म्हणालो, "अहो, त्यांचं स्किनचं आहे. अंग गरमच असतं त्यांचं. मी सांगतो ना, जाऊ द्या." माझ्या शब्दावर त्यानं त्यांना सोडलं. आप्पांनी माझ्याकडं जे पाहिलं, त्यात उपकाराची भावना होती.

मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. त्या खिरीच्या वेळी गप्प बसलो होतो, आज बोललो, असं काहीतरी मनात आलं होतं.

तो ताप कातडीचा नव्हता. शुक्रवारी आप्पांना बोलताना धाप लागायला लागली. शनिवारी बस दुसऱ्यानं आणली. आप्पांना शिरूरला दाखल केलं, तेव्हा ऑक्सिजन बराच खाली गेला होता. त्याच आठवड्यात मलाही ताप आला. बसमधल्या आणखी दोघांना आला. आम्ही तिघं आपापल्या घरी झोपून राहिलो, तोंडाची चव गेली म्हणून कुरकुर केली आणि आठ दिवसांत उठून बसलो. आप्पा अकराव्या दिवशी गेले. मी तेव्हा घरातच कोंडलेला होतो. त्यांचा शेवटचा फोन दवाखान्यातून आला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असावा, आवाज फार लांबून येत होता. "सर, हितं एक डॉक्टर इंग्रजीतच बोलतोय. तुमी असता तर बरं झालं असतं."

वस्तीवर जायला मला पाच महिने लागले. बंदी केव्हाच उठली होती. पाय उचलत नव्हता. गेलो तेव्हा वहिनींनी कपबशीत चहा आणला. मी म्हणालो, "वहिनी, मला आप्पांच्या ग्लासात द्या." तेवढं तरी करावं, असं वाटेत ठरवून आलो होतो.

"त्यो न्हाई," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्यासंगं दवाखान्यात गेला. कापडं, चपला, गिलास, काय बी माघारी आलं न्हाई."

मी कप उचलला. वहिनी आत जाऊन औषधांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या मुलीच्या, शीतलच्या, कोपरावर दोन चट्टे उठले होते. शीतल शिरूरच्या कॉलेजात शिकत होती. "ह्यातल्या गोळ्या चालतील का बघा," म्हणून वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली. आत तो इंग्रजी कागद होताच, माझ्या हातच्या घड्या पडलेला. त्याखाली आप्पांचा केसपेपर. आमच्या नऊ वर्षांच्या ओळखीत तो मी कधी उघडून बघितला नव्हता. मागच्या बाजूला डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हातानं, मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: 'गोळी मनाने बंद करू नये. ताप आला किंवा शंका आली तर आधी मला फोन करावा.' खाली फोन नंबर. त्याच्याभोवती पेनानं दोनदा गोल केलेला.

"आप्पांनी हे वाचलं नव्हतं का?" मी विचारलं. त्यांना मराठी चांगलं वाचता यायचं. बसमध्ये पेपर सगळ्यांत आधी तेच चाळायचे.

"वाचलं होतं की," वहिनी साधेपणानं म्हणाल्या. "म्या बी म्हनलं, बाईस्नी फोन लावा. तर म्हनले, बाईंचं मराठीत हाय, सरांनी इंग्रजीतलं वाचून सांगितलंय. छापलेलं हाय ते."

मी केसपेपरवरचा तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला.

पुढच्या गुरुवारी शीतलला आणि वहिनींना मी दौंडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांचं येणं परत सुरू झालं होतं. शीतलला तपासून झाल्यावर मी त्या दोघींना बाहेर बसवलं आणि बाईंना सगळं सांगितलं. गोळी, कागद, गेट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आजार दिसतो कातडीवर, पण तो कातडीपुरता नसतो. आत सतत सूज धुमसत असते. वजन, साखर, ब्लडप्रेशर, हृदय, सगळं त्याच्याशी जोडलेलं. असं आधीच पेटलेलं शरीर असलं आणि त्यात हा विषाणू शिरला, तर त्याला तोंड देता देता शरीर स्वतःलाच जाळायला लागण्याची भीती जास्त असते." मी म्हणालो, आप्पा हेच म्हणायचे, आत धग आहे, वर राख पडते. बाई थोडं हसल्या. "मग त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं."

"गोळी चालू असती तर वाचले असते का?"

"मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. ताप आल्यावर कदाचित मीच थोडे दिवस थांबवली असती. पण ते मी ठरवलं असतं, त्यांना तपासून. आणि त्या मंगळवारी दवाखान्यात पाठवलं असतं. चार दिवस हातात मिळाले असते."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ते चार दिवस तेव्हापासून माझ्याकडंच आहेत. जिथं बोलायचं तिथं मी गप्प बसलो आणि जिथं गप्प बसायचं तिथं बोललो, आणि दोन्ही वेळा आप्पांनी मला चांगलाच माणूस समजलं.

शीतलनं औषधाची चिठ्ठी आणि खोकं आणलं. खोक्यातला कागद काढून, बापाचीच लकब, तिनं माझ्यापुढं धरला. मी हात मागं घेतला. "बाईंनी हातानं लिहिलंय ते वाच," मी म्हणालो. "आणि काही अडलं तर त्यांना विचार. मला नाही."

स्टेशनजवळच्या हॉटेलात आम्ही तिघं चहाला बसलो. पोऱ्यानं तीन कप आणून ठेवले. शीतलनं ओढणी कोपरावर ओढून घेतली, इकडं तिकडं बघितलं आणि पर्समधून स्टीलचा एक छोटा ग्लास काढला. नवाकोरा होता. वहिनींनी मान फिरवली.

"ठेव तो आत," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

"नको काका. लोकांना कसंतरी होतं."

"होऊ दे. कपात पी."

मग तिनं ग्लास पर्समध्ये ठेवला आणि कप उचलला. उचलताना थोडा चहा बशीत सांडला. मी ती बशी माझ्याकडं ओढली आणि त्यातला चहा पिऊन टाकला.

एवढंच तर करायचं होतं. त्या बुद्धपौर्णिमेला आप्पा माझ्यासमोर सतरंजीवर बसले होते आणि हातात वेळच वेळ होता.